एकदम दोन पानं

बारकीचं वय अठ्ठेचाळीस, वजन पंचाहत्तर, आणि तरी घरात ती बारकीच. ताईपेक्षा सहा वर्षांनी लहान, एवढाच काय तो त्या नावाला आधार. दवाखान्यात मात्र तिला सगळे सिस्टर म्हणत. कॅन्सरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडलं की डाव्या हाताला तिची खोली. तीन खुर्च्या, एक टेबल, हात धुवायचं बेसिन आणि टेबलावर जाड निळी फाईल. ज्या बायकांचं स्तन काढायचं ठरलेलं असे, त्या सर्जनबाईंना भेटून झाल्या की या खोलीत येत. काढल्यानंतर पुढे काय, हे बारकीनं समजावायचं. आठ वर्षं ती हेच करत होती, आणि उरलेल्या वेळात वॉर्डात रुग्णांचं उठवणं-पुसणं.

फाईल तिला तोंडपाठ होती. "हे इम्प्लांट," ती म्हणायची, आणि खरंखुरं सिलिकॉनचं इम्प्लांट बाईच्या तळहातावर ठेवायची. "काढायच्या ऑपरेशनमध्येच हे आत बसवतात. दोन-तीन दिवसांत घरी. पण हे आयुष्यभराचं नाही, कधीतरी बदलावं लागू शकतं. आणि ही दुसरी पद्धत. पाठीचा एक स्नायू काखेखालून पुढे आणतात. तिसरी पोटाची. पोटावरची कातडी आणि चरबी घ्यायची, तिच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली छातीतल्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या. सात-आठ तास लागतात. पुढे दोन महिने काही जड उचलायचं नाही. पण जे होतं ते आपल्याच अंगाचं. आणि यातलं काहीच नको असेल तर छाती सपाट शिवून घेता येते. तीही निवडच आहे, हार नाही."

हे सगळं ऐकून दहातल्या नऊ बायका विचारत, "सिस्टर, माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत?"

"मी तुमच्या जागी नाही, म्हणून तर सगळं सांगतेय," बारकी म्हणायची. हा त्या खोलीचा नियमच होता. कल द्यायचा नाही. बारकीनं तो आठ वर्षं पाळला, आणि मोडला तो सख्ख्या बहिणीसाठी.

ताई नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायची. सकाळी मुलं, दुपारी बायका. तीस वर्षांत तिनं अर्धं गाव पाण्यात ढकललं होतं, असं ती स्वतःच सांगे. खांदे रुंद, आवाज खणखणीत, लग्न केलेलं नाही. आई तिच्याकडेच राहायची. चार वर्षांपूर्वी आईची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हापासून आईला उठवणं, बसवणं, भरवणं, कूस बदलणं, पुसणं सगळं ताई करत होती. मदतीला सकाळी तलावाच्या वेळात एक बाई यायची, तेवढंच. बारकी रविवारी जायची, फळं घेऊन, आणि दोन तासांनी घड्याळ बघायची.

ताईच्या छातीतली गाठ मोठी होती, काखेपर्यंत पसरलेली. पाच महिने केमो झाली, डोक्यावरचे केस गेले, आणि मग ती एका मंगळवारी निळ्या फाईलसमोर येऊन बसली. बारकीला खरं म्हणजे बाजूला होता आलं असतं. खालच्या मजल्यावर दुसरी सिस्टर होती. पण ताई म्हणाली, "मला दुसरी कुणी नको, तूच सांग." सर्जनबाईंनीही जाता जाता दारातून डोकं आत घालून सांगितलं, "सिस्टर, ह्यांना नंतर रेडिएशन लागणार असं दिसतंय. ते धरूनच समजावा." आणि त्या राउंडला निघून गेल्या.

बारकीनं चित्रं दाखवली. ताईनं इम्प्लांट हातात घेऊन दाबून पाहिलं, म्हणाली, "जेलीफिश आहे नुसता," आणि दोघी हसल्या. पाठीचं चित्र तिनं लगेच बाजूला सारलं. "हा स्नायू पोहायचा आहे गं. हात पाण्यात मागे ओढतो तो हाच. हा काढून पुढे लावला तर मी काय काठावर उभी राहून शिट्ट्या मारू?" मग ती पोटाच्या चित्रावर बराच वेळ थांबली.

"हे बरं वाटतंय मला. आपलंच असेल. एकदा झालं की झालं."

"मोठं आहे ताई ऑपरेशन."

"असू दे. आईला तेवढं दोन महिने तुझ्याकडे ठेवशील ना?"

बारकीच्या डोळ्यांसमोर तिचं घर आलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत, संध्याकाळी सहाला येणारा. चार ते सहा हे दोन तास बारकीचे एकटीचे असत. पाय वर करून, खिडकी उघडी टाकून, कुणालाही न पुसता, न भरवता, न उचलता काढलेले. त्या खिडकीशी आईची खाट दिसली तिला. भांडं, रबरी चादर, तो वास. दिवसभर जे करून घरी यायचं तेच पुन्हा घरी करायचं. कारण मोठं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं. सासरी कुणी आजारी असतं, स्वतःचं दुखणं असतं, काहीही. पण तसं काही नव्हतं. तिला फक्त ते नको होतं.

"आईचं बघू गं," ती म्हणाली, आणि फाईलचं पान उलटलं.

एक नाही, दोन उलटली, एकदम.

मधल्या पानावर लिहिलं होतं: रेडिएशन होणार असेल तर. इम्प्लांटभोवती शरीर आपलं एक आवरण तयार करतं. रेडिएशननं ते आवळतं, कडक होतं. तीन-चार जणींत एकीला तरी हा त्रास होतो. अशा वेळी पोटाची पद्धत जास्त टिकते, किंवा आधी नुसतं काढून रेडिएशन उरकावं आणि मग सावकाश स्तन बांधावं. बारकीनं हे पान शेकडो बायकांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. ताईला दाखवलं नाही. बोटाला ते जाणवलं होतं, प्लास्टिकच्या दोन पानांची जाडी, आणि बोट थांबलं नव्हतं.

"तुझ्या जागी मी असते," ती म्हणाली, "तर इम्प्लांट घेतलं असतं. सुटसुटीत आहे. महिन्याभरात तू तलावावर."

"तू म्हणतेस म्हणजे झालं," ताई म्हणाली. संमतीच्या कागदांवर सही करताना तिनं ते वाचलेही नाहीत. घरचं माणूस समोर असताना वाचायचं कशाला?

ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी ताई घरी. शेजारणीनं आणि कामवाल्या बाईनं आईचं दोन आठवडे निभावलं, मग ताईनं एका हातानं सुरू केलं, मग दोन्ही. बारकी रोज फोन करायची आणि रोज तिचा जीव भांड्यात पडायचा. ताई तर भेटेल त्याला सांगत सुटली होती, "बहीण होती म्हणून सोपं गेलं. नाहीतर मी कुठलं तरी भलंमोठं ऑपरेशन करून घेऊन पडले असते." हे ऐकलं की बारकी उठून पाणी प्यायला जायची. काही झालेलं नव्हतं. चौघींतल्या तिघींना काहीच होत नाही. ताई त्या तिघींतली असेल. देवाला तिनं फार कधी काही मागितलं नव्हतं, आता ती गणित मागायला लागली.

पंचवीस दिवस रेडिएशन झालं. कातडी काळवंडली, मग निवळली. सहा महिन्यांनी फोनवर ताई म्हणाली, "जरा घट्ट वाटतंय." आठव्या महिन्यात म्हणाली, "दगड बसवलाय जसा." पण हसत म्हणाली, आणि लगेच आईबद्दल बोलायला लागली. बारकीनं तो हसण्याचा धागा पकडून ठेवला. तपासायला ये म्हणाली, पण लावून धरलं नाही. लावून धरलं असतं तर बघावं लागलं असतं.

बघावं लागलंच. एका दुपारी आईची औषधं द्यायला ती तलावावर गेली. बायकांचा वर्ग सुटला होता. कपडे बदलायच्या खोलीत ताई पाठमोरी बसली होती, ओला पोशाख अर्धा उतरवलेला, आणि एक पोरसवदा शिकाऊ बाई तिचा हात बाहीतून काढून देत होती. ताई वळली. डावीकडचं स्तन गळ्याकडे ओढलं गेलं होतं, चेंडूसारखं टणक, वरची कातडी ताणून चकचकीत झालेली. हात कानाच्या वर जात नव्हता.

"किती दिवस झाले?" बारकीनं विचारलं. आवाज सिस्टरचा काढायचा होता, तो निघाला नाही.

"अगं, वय झालं. मुलांना मी आता काठावरूनच शिकवते. शिट्टी घेतलीय, हे बघ." ताईनं गळ्यातली शिट्टी दाखवली.

त्या आठवड्यात बारकीनं स्वतः वेळ घेऊन तिला सर्जनबाईंकडे नेलं. यावेळी ती नातेवाइकांच्या खुर्चीत बसली. सर्जनबाईंनी तपासलं, ताईला हात वर करायला लावला, बोटांनी कडेकडेनं चाचपलं, आणि हात धुता धुता सांगितलं, "आवरण आवळलंय, चांगलंच. हे काढावं लागेल. पुन्हा इम्प्लांट घालण्यात अर्थ नाही, पुन्हा हेच होईल. पोटाचं करता येईल. तुमच्या पोटावर पुरेसं आहे. पाठीचं नको, तुमचा हात आधीच अडलाय. किंवा काढून सपाट करू, तेही चालतं. विचार करा." मग खुर्चीत बसून त्यांनी ताईचा जुना कागद काढला आणि कपाळाला आठी घातली. "रेडिएशन होणार हे माहीत होतं तेव्हा. ही जोखीम तुम्हाला कुणी सांगितली नव्हती?"

बारकीनं तोंड उघडलं. पण ताई आधी बोलली.

"सांगितली होती की. बारकीनं सगळं नीट सांगितलं होतं. मलाच घाई होती."

सर्जनबाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं: रुग्णास जोखमीची कल्पना दिली होती. पेन कागदावर फिरताना बारकीला दिसत होतं. तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच. पान उलटलं तेव्हा निदान ती एकटी होती. आता तिच्या गप्प बसण्यावर दवाखान्याचा शिक्का पडला होता, आणि तो ताईनं पाडून दिला होता.

ती टिकली नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत तिनं अकरा बायकांना फाईल समजावली, आणि प्रत्येक वेळी त्या पानाशी आली की तिला वाटे, समोरची बाई आता विचारेल. एकीनं खरंच विचारलं, "सिस्टर, घाम आलाय तुम्हाला, पंखा लावू का?"

दहाव्या दिवशी रविवार होता. ताईच्या स्वयंपाकघरात ताई भांडी विसळत होती, बारकी पुसत होती. आई आतल्या खोलीत पडून होती.

"ताई, तू त्या दिवशी खोटं का बोललीस?"

"कधी?"

"बाईंसमोर. मी तुला सांगितलं नव्हतं."

"माहितीय मला." ताईनं ताट बारकीच्या हातात दिलं. "इतक्या बायकांना सांगतेस, एखादं राहतं. बहीण समोर, टेन्शन असणार. मी घरी येऊन आठवत बसले होते, हे तू म्हणाली होतीस का, म्हणून. नव्हतीस. पण विसरलीस म्हणून तुझी नोकरी का घालवायची?"

"विसरले नव्हते."

ताईनं नळ बंद केला.

बारकीनं सांगितलं. दोन पानांचं, बोटाला जाणवलेल्या जाडीचं. आईची खाट खिडकीशी दिसली त्याचं. सांगताना ती कारण सजवायला गेली, म्हणाली घर लहान, जिने, नवऱ्याची वेळ, आणि मग स्वतःच थांबून म्हणाली, "ते काही नाही. मला नको होती ती माझ्या घरी. एवढंच."

ताईच्या ओल्या हातांचं पाणी कोपरांवरून जमिनीवर गळत होतं.

"मी विसरणं झाकलं होतं," ती म्हणाली. "हे नाही."

"मला माहितीय."

"तुला काहीच माहीत नाही. म्हणायचं होतंस ना, मला जमणार नाही म्हणून! मी शिव्या दिल्या असत्या, चार दिवस बोलले नसते. काहीतरी केलं असतं. माणूस ठेवला असता, कुठल्या संस्थेत दोन महिने ठेवलं असतं. तू माझ्या छातीवर भागवलंस?" तिचा खणखणीत आवाज फुटला नाही, उलट खाली खाली गेला. "जा आता."

"ताई–"

"फडकं ठेव आणि जा."

आतून आईच्या गादीची कुरकुर ऐकू आली. तिनं ऐकलं होतं की नाही, हे कुणाला कधीच कळायचं नव्हतं. बारकी चपला घालून निघाली आणि दोन थांबे पायीच चालत गेली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. नुसते कान तापले होते, लहानपणी मार खाल्ल्यावर तापायचे तसे.

दुसऱ्या दिवशी ती सर्जनबाईंच्या दारात उभी राहिली आणि आत बोलावण्याआधीच सांगायला लागली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या चिडल्या, पण आधी दुसऱ्याच गोष्टीवर. "सख्ख्या बहिणीला तुम्ही समजावलंत कसं? आणि मी सोडलं कसं?" मग त्यांनी जुना कागद मागवला, आपली ओळ खोडली, नवी लिहिली आणि खाली दोघींच्या सह्या घेतल्या. महिनाभरात चौकशी झाली. बारकीच्या नावावर ताकीद लागली, खोली काढून घेतली, आणि तिची बदली तळमजल्यावर ड्रेसिंगच्या विभागात झाली. जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, कुणाला काही समजावायचं नाही. दवाखान्यात नवा नियम लागला, की आपल्या नातेवाइकाला आपण समजावायचं नाही. नव्या मुलींना नियम कळला, कशावरून आला ते कळलं नाही, जुन्यांना कळलं. जेवायच्या सुट्टीत एका टेबलावर बोलणं थांबायचं, ती पलीकडे गेली की सुरू व्हायचं.

तीन आठवडे ताईचा फोन नव्हता. मग आला.

"पोटाचं करतेय," ताई म्हणाली. "निर्णय माझा आहे. खालच्या मजल्यावरच्या सिस्टरनं समजावलं, तीन वेळा गेले, सगळी पानं वाचली. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. आईला शनिवारी घेऊन जा."

"तुझ्याजवळ दवाखान्यात कोण?"

"तलावावरच्या दोघी आहेत. तू आईजवळ."

ही शिक्षा होती की व्यवस्था, ते विचारायची बारकीची छाती झाली नाही.

शनिवारी आईला खुर्चीत बसवून तीन मजले चढवलं. नवरा पुढून, खालच्या मजल्यावरचा सुतार मागून, आणि बारकी बाजूनं आईचा लुळा हात सांभाळत. खाट खिडकीशीच लागली, दुसरी जागाच नव्हती. नवरा कधी चार शब्द जास्त बोलला नव्हता, पण त्या संध्याकाळी त्यानं प्रयोगशाळेतून आणलेली एक रबरी नळी कापून आईच्या पेल्याला बसवून दिली, तिला पडून पिता यावं म्हणून. "आधीच आणलं असतं तरी चाललं असतं," तो म्हणाला. तो पेल्याबद्दल बोलत होता की आईबद्दल, बारकीनं विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी आठला ताईला आत नेलं. संध्याकाळी पाचला खालच्या मजल्यावरच्या सिस्टरचा फोन आला: झालं, व्यवस्थित. शुक्रवारी दुपारी बारकी, रजा घेऊन घरी थांबलेली, आईला सूप भरवत होती तेव्हा पुन्हा फोन वाजला.

"सिस्टर, घाबरू नका. स्तन निळसर पडलंय. यंत्रावर आवाजही बरोबर येत नाहीये. शीर तुंबली असावी. परत आत नेतायत."

जोडलेल्या रक्तवाहिन्यांमध्ये रक्त वाहतंय की नाही, ते दर तासाला एका लहान यंत्रानं ऐकतात. बारकीनं स्वतः कितीदा ते ऐकलं होतं. शीर तुंबली तर तासांचा खेळ. उघडून गुठळी काढली तर वाचतं. उशीर झाला तर घेतलेलं सगळं काढून टाकावं लागतं, आणि मग पोटही गेलं आणि छातीही. दीड वर्षापूर्वी, कोवळ्या, न भाजलेल्या अंगावर हेच ऑपरेशन झालं असतं तरी शीर तुंबू शकली असती, हे तिला माहीत होतं. शंभरात दोन-चार जणींना होतंच. पण ते आठवून तिला काडीचाही आधार वाटला नाही. ताई दोन दिवसांत दुसऱ्यांदा टेबलावर होती, एकाच अंगावर तिसऱ्यांदा सुरी चालत होती, आणि यातली निदान एक सुरी बारकीची होती.

ती उठून दाराशी गेली. चपला पायात घातल्या. आईनं डाव्या हातानं खाटेची कड वाजवली. सूप अर्धं राहिलं होतं, ओठाच्या कोपऱ्यातून गळत होतं, मान कलली होती. असंच सोडलं तर ठसका लागला असता. बारकीनं चपला काढल्या. आईची मान उचलून उशी सारखी केली, तोंड पुसलं, आणि पुन्हा चमचा भरला.

"ताईला परत आत नेलंय," ती म्हणाली.

आईनं तोंड मिटून घेतलं. चमचा तसाच राहिला. मग आईचा डावा हात चादरीवरून सरकत आला आणि तिनं बारकीचं मनगट धरलं. पकड इतकी घट्ट होती की पेल्यातलं सूप हिंदकळलं. राग होता त्यात की धीर, बारकीला कळेना. तिनं सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. पावणेतीन तास दोघी तशाच बसल्या, मधे एकदा फक्त कूस बदलायला उठून.

फोन आला तेव्हा ऊन खाटेवरून भिंतीवर गेलं होतं. गुठळी निघाली होती. रंग परत येत होता, गुलाबी. "ऐकायचंय का?" पलीकडून विचारलं, आणि फोन यंत्राजवळ धरला गेला. सुस्स, सुस्स, सुस्स. बारकीनं फोन आईच्या कानाला लावला आणि स्वतः तोंड फिरवून रडली. ते रडणं असं आलं की नवरा सहाला घरी आला तेव्हाही थांबलं नव्हतं.

पुढचे सहा आठवडे ताई तलावावरच्या मैत्रिणीकडे होती. बारकीला तिनं येऊ दिलं नाही. फोनवर आईचं विचारायची, तेवढंच विचारायची. बारकी सकाळी कामवाल्या बाईला घरी ठेवून ड्रेसिंगला जायची, चारला परत यायची, आणि चार ते सहा आईचं करायची. तिला त्याची गोडी वगैरे लागली नाही. कंबर दुखायची, वास नकोसा व्हायचा, एकदा तर ती चादर ओढताना आईवर खेकसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन कपाळ फ्रिजला टेकवून उभी राहिली. पण ती करत राहिली. अपराधाची भावना कामानं कमी होते असं तिला वाटलं होतं. ती कमी झाली नाही, फक्त कामाच्या वेळात गप्प बसायची.

सातव्या आठवड्यात एका दुपारी दारावर थाप पडली. ताई. तीन मजले चढून आलेली, एक हात पोटावर, किंचित वाकलेली, धापा टाकत. केमोनंतर परत आलेले केस आता मानेपर्यंत वाढले होते, कुरळे, आधी कधी नव्हते तसे.

"फोन करायचास ना! मी खाली आले असते."

"कशाला? जिने मला चढायचे होते, तुला नाही." ती आईजवळ जाऊन बसली. आईनं तिचा चेहरा डाव्या हातानं चाचपला, गाल, कान, ते कुरळे केस. ताई हसली, मग नाक ओढलं.

थोड्या वेळानं ताई उठून दुसऱ्या खोलीत आली, दार लोटलं आणि शर्टची बटणं काढली. "बघ. इतक्यांचं बघतेस, माझं पण बघ. ही खालची कड ओली वाटते मला."

बारकीनं हात धुतले. स्तन मऊ होतं, उजव्यापेक्षा थोडं खाली, मधे पोटाच्या कातडीचा फिकट तुकडा पानाच्या आकाराचा. कडेला एका टाक्याशी किंचित पाझर होता. तिनं तो स्वच्छ केला, कोरडी पट्टी लावली. "काही नाही, विरघळणारा टाका आहे, बाहेर पडतोय. आठवड्यात सुकेल. इथे हात लावलेला कळतो का?"

"नाही. बधिर आहे." ताई बटणं लावायला लागली. वरचं लागेना, बारकीनं लावलं. "मी तुला माफबिफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"पण एक सांगते." ताई खुर्चीत बसली. "सहा आठवडे मैत्रिणीकडे होते. सकाळी उठायचं, कुणाला उठवायचं नाही. चहा गरम असताना प्यायचा. पाच वर्षांत पहिल्यांदा. एका सकाळी माझ्या मनात आलं, आई आता परत नसती आली तर बरं." तिनं बारकीकडे पाहिलं. "आलं मनात. मग लाज वाटली, दिवसभर. तुझी आठवण आली, आणि आणखी राग आला तुझा."

बारकी उरलेली पट्टी गुंडाळत राहिली.

"वाटण्याचा राग नाही माझा. मला वाटलं ते मी आत्ता तुला सांगितलं की नाही? तूही सांगायचं होतंस. तिथे तू मेलीस माझ्यासाठी. आता बघू, कितपत उठतेस."

बाहेरच्या खोलीत आईनं कड वाजवली. दोघी उठल्या. आईला कुशीवर करायचं होतं. ताईला अजून उचलायची परवानगी नव्हती, म्हणून ती डोक्याशी उभी राहून "एक, दोन" मोजत राहिली, पाण्यात मुलांना मोजते तशी, आणि बारकीनं चादरीसकट आईला वळवलं.

"डावा खांदा अडकलाय, सोडव," ताई म्हणाली.

"दिसलं मला."

"मग सोडव ना."

निघताना ताईनं सांगून टाकलं, विचारलं नाही. एक महिना इकडे, एक महिना तिकडे. पहिली तारीख. जिन्यासाठी सुताराला दोन्ही वेळा बोलवायचं, त्याला आधीच सांगून ठेवायचं. आणि जेव्हा जमणार नाही, तेव्हा तोंडानं जमणार नाही म्हणायचं. बारकीनं मान डोलावली.

"मान नको. तोंडानं."

"म्हणेन," बारकी म्हणाली.

ताई उतरायला लागली, कठडा धरून, एकेक पायरी दोन पायांनी. बारकी तिच्या एक पायरी खाली, पाठ भिंतीला लावून, उलटी उतरत होती, ताई घसरलीच तर धरता यावं म्हणून. दुसऱ्या मजल्यावर ताईला दम लागला आणि ती पायरीवर बसली. बारकीही बसली. वर दार उघडंच होतं, आई एकटी होती, आणि दोघीही तिकडे कान लावून बसल्या.